नेम आणि विवेक

खाण्यापिण्याचा नेम असावा, की ज्याने त्याने आपली प्रकृती पाहून ठरवावे? या वादात अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे, असे आम्हांस वाटते.

या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी २७ फेब्रुवारी १८३३ रोजी ओहायोतील कर्टलंड गावी आहाराविषयी एक वचन सांगितले. ते देवाचेच वचन, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. दारू नको, तंबाखू नको, ऊन पेये नकोत. ऊन पेये म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ पुढे ठरला. धान्य, फळे, भाजीपाला खावा. मांस मात्र बेताने, शक्यतो थंडीत किंवा दुष्काळातच. आरंभी हा हिताचा उपदेश होता, सक्ती नव्हती. १९२१ च्या सुमारास मात्र मंदिरप्रवेशाच्या परवान्यासाठी हा नेम आवश्यक झाला.

आता गंमत पाहा. नेम पाळला म्हणजे काय, तर दारू, तंबाखू, चहा, कॉफी आणि घातक नशा टाळली, असे व्यवहारात धरतात. मांस किती खाल्ले, हे कोणी मोजीत नाही. कॉफी वर्ज्य, पण कोला चालतो. वचनात कॅफीनचे नाव नाही, असा खुलासा पंथाने २०१२ साली केला.

मग कोणी म्हणेल, असल्या नेमात अर्थ तो काय? अर्थ आहे, वाचकहो! तंबाखूने कर्करोग होतो हे वैद्यकाने सप्रमाण दाखविले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. तोवर कित्येक घरे नेमाच्या बळावर त्या व्यसनापासून वाचली. मोह समोर उभा राहतो तेव्हा रोज नव्याने विचार करीत बसले तर माणूस घसरतो. नेम त्याला सावरून धरतो.

पण नेम हे शेताचे कुंपण आहे, पीक नव्हे. कुंपण घातले म्हणून नांगरणी चुकत नाही. "नेमात नाही ना, मग चालते," असे म्हणून जो बाटलीमागून बाटली गोड कोला रिचवितो, त्याने अक्षर पाळले, हित सोडले. त्याने कॉफी पिणाऱ्या शेजाऱ्याकडे नाक मुरडावे, हे तर त्याहून वाईट.

आणखी एक जपण्यासारखे आहे. नेम पाळणाऱ्यास आरोग्य लाभेल, असे आश्वासन त्या वचनात आहे. मग जन्मभर नेम पाळलेला एखादा अंथरुणाला खिळला, तर लोकांनी काय समजावे? कुठेतरी चुकला असेल? छे! रोग अनुवंशाने येतो, वयाने येतो, कधी कारण न सांगताही येतो. आजार हा अधर्माचा दाखला नव्हे, आणि धडधाकट शरीर हे पुण्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. आजाऱ्याच्या उशाशी जाऊन त्याच्या नेमाची झडती घेणे ही निर्दयता होय.

म्हणून आम्ही म्हणतो, नेम आपल्यासाठी कडक असावा, दुसऱ्यासाठी नसावा. आणि जेथे नेम मुका आहे, तेथे विवेकाला विचारावे.