भक्ष्य, अभक्ष्य व प्रभूची पंगत



एका खेड्यातील आपल्या उपदेशक बंधूने पत्राने विचारले आहे की, गावच्या जत्रेला देवापुढे बोकड कापिला जातो, आणि संध्याकाळी शेजारी प्रेमाने आमच्याही घरी मटणाचे पातेले पाठवितात. ते घ्यावे की परत करावे? त्याच पत्रात त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. मंडळीत नव्याने आलेल्या एका तरुणास कोणी सांगितले की, डुकराचे मांस खाणारास तारण नाही; आणि दुसऱ्या कोणी सांगितले की, जो मांस मुळीच खात नाही त्याने आपली जुनी जात अद्याप सोडलेली नाही. बिचारा गोंधळून उपासनेस येईनासा झाला. पातेल्याचा प्रश्न लहान असेल, परंतु ह्या तरुणाचा प्रश्न लहान नाही. म्हणून प्रेषितांच्या कृत्यांचे १० व ११ हे अध्याय, गलतीकरांस पत्राचा २ रा अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ व १० हे अध्याय पुढे उघडून ठेवावेत, आणि मग हे वाचावे.

मोशेच्या नियमशास्त्रात भक्ष्याभक्ष्याचा विचार लेवीयाच्या ११ व्या अध्यायात आहे. ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथ करितो तो पशू खाण्यास शुद्ध. उंट, ससा व डुक्कर हे अशुद्ध. पाण्यातील जिवांपैकी ज्यांस पंख व खवले आहेत तेवढेच खावयाचे. म्हणजे ह्या नियमाप्रमाणे कोकणातील कोळंबी आणि आपल्या ओढ्यातला खेकडा हे दोन्ही वर्ज्य, आणि टोळ मात्र भक्ष्य! डुकराचे नाव काढून दुसऱ्यास दोष लाविणारे आपले काही बंधू खेकड्याचा रस्सा मोठ्या आनंदाने ओरपतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नियम पाळावयाचा तर सगळा पाळावा लागेल.

हा नियम देवाने का दिला? आरोग्यासाठी दिला, असे कित्येक सांगतात. परंतु शास्त्र स्वतः जे कारण देते ते निराळे आहे. लेवीयाच्या २० व्या अध्यायात देव इस्राएलास म्हणतो की, मी तुम्हांस इतर राष्ट्रांपासून वेगळे केले आहे, म्हणून तुम्ही शुद्ध व अशुद्ध पशूंमध्ये भेद राखावा. ताटातील भेद हा माणसांतील भेदाची खूण होता. ही गोष्ट नीट ध्यानात धरावी, कारण पुढील सर्व हिच्यावरच उभे आहे.

आता यापो येथे चला. पेत्र कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी कातडी कमाविली त्यांनी ह्या यजमानाचे नाव विसरू नये. दोन प्रहरी पेत्र धाब्यावर प्रार्थनेस चढतो, त्यास भूक लागते, आणि दृष्टांतात आकाशातून मोठ्या चादरीसारखे काही खाली उतरते. तिच्यात सर्व जातींचे पशू, सरपटणारे प्राणी व पाखरे. मारून खा, अशी आज्ञा होते. पेत्र नको म्हणतो. असे तीन वेळ होते. त्या दृष्टांताचा अर्थ काय, ह्या विचारात तो असतानाच तीन माणसे दारात उभी राहतात, आणि ती रोमी शताधिपती कर्नेल्याची माणसे असतात. दुसऱ्या दिवशी पेत्र त्यांच्याबरोबर निघतो, आणि कैसरियात त्या परराष्ट्रीयाच्या घरात पाऊल टाकून काय म्हणतो? आता डुकराचे मांस चालेल, असे तो म्हणत नाही. कोणत्याही मनुष्यास अशुद्ध म्हणू नये, असे देवाने मला दाखविले आहे, असे तो म्हणतो. चादरीत पशू होते, पण पेत्रास त्यांत माणसे दिसली. यरुशलेमातल्या बंधूंनी त्याच्याशी वाद घातला तोही ह्याच मुद्द्यावर: तू त्या लोकांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास! काय खाल्लेस, हे कोणी विचारले नाही.

हे आपल्या देशातील माणसास समजावून सांगावे लागत नाही. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अवघा बारा वर्षांच्या सुमाराचा मुलगा. त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. तो मिशनरींच्या घरी राहिला व तेथे जेवला, एवढेच. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले, परंतु जात त्यास परत घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन मुलास घ्यावे म्हणून खटपट केली, तेव्हा सनातनी लोकांनी त्यांनाही विरोध केला. त्या मुलाने कोणते मत स्वीकारले हे पाहण्याची कोणास गरज वाटली नाही. कोणाच्या घरचा घास तोंडात गेला, एवढ्यावर सारे ठरले.

आणि असे ख्रिस्ती मंडळीत होत नाही, असे म्हणण्यापूर्वी अंत्युखियातील हकीकत वाचावी. तोच पेत्र, ज्याने चादर पाहिली! अंत्युखियात तो परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही लोक आले मात्र, तो भ्याला आणि हळूच वेगळा होऊ लागला. त्याच्या पाठोपाठ इतर यहूदी बंधू, आणि बर्णबासुद्धा. कोणी विश्वास नाकारिला नव्हता, कोणी उपदेश बदलला नव्हता. बसण्याची जागा तेवढी बदलली होती. तरी पौलाने सर्वांदेखत त्याच्या तोंडावर त्यास दोष दिला, आणि ही गोष्ट सुवार्तेच्या सत्याच्या विरुद्ध आहे, असे ठरविले.

आता आपल्याकडे पाहू. ज्या मंडळीत एका जुन्या जातीची कुटुंबे दुसऱ्या जुन्या जातीच्या ख्रिस्ती घरी लग्नाला जातात, आहेर करितात, प्रार्थना करितात, आणि जेवणाच्या वेळी मात्र कोणास तरी ताप येतो, कोणाची गाडी चुकत असते, त्या मंडळीत अंत्युखियाच घडत आहे. एका घरी मी पाणी मागितले तेव्हा बाई चटकन उठल्या. माझ्याबरोबर आलेल्या वृद्ध बंधूने मागितले तेव्हा त्यांस पेला सापडेना. त्या घरात डुकराचे मांस खातात. नियमशास्त्राच्या बंधनातून आम्ही मोकळे झालो, असेही तेथे अभिमानाने सांगतात.

मग जो जे खात नाही त्याचे काय? त्यास खाऊ नये असे वाटत असेल तर न खावो. कोणी लहानपणापासून मांस खाल्ले नाही, त्यास बाप्तिस्म्यानंतर मांस खावयास लाविणे हा एका सोवळ्याच्या जागी दुसरे सोवळे बसविण्याचा प्रकार आहे. १५२२ साली उपासकाळात झूरिक शहरातील मुद्रक फ्रोशाउअर ह्याच्या घरी कामकऱ्यांनी मांस खाल्ले, आणि शहरात मोठा गवगवा झाला. पाळक झ्विंगली तेथे हजर होते. त्यांनी स्वतः खाल्ले नाही; परंतु खाणारांचा पक्ष घेऊन त्यांनी अन्नाच्या मोकळिकीवर उपदेश केला. न खाणारा खाणाराच्या बाजूने उभा राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरे असे की, प्रत्येक वर्ज्य हे धार्मिक सोवळे नसते. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचा उपदेश केला. त्यात मनुष्याचा मान होता. जे दुसऱ्याने फेकले त्यावर जगावयाचे नाही, हा निश्चय होता. ते सोडणाऱ्या ख्रिस्ती घरांनी चांगलेच केले. तसेच आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने, आणि बैल व वळू ह्यांच्या कत्तलीस २०१५ पासून मनाई आहे. हा राज्याचा कायदा आहे. तो पाळावा, पण पाळल्याने कोणी देवापुढे अधिक शुद्ध होतो असे मानू नये, व ह्या कारणाने शेजाऱ्याशी भांडणही काढू नये.

राहिले जत्रेचे पातेले. करिंथ शहरात हाच प्रश्न होता. तेथे देवळाच्या आवारात जेवणाच्या खोल्या असत. आस्क्लेपियाच्या देवस्थानात अशा तीन खोल्या खणून काढल्या आहेत. पौलाचा निर्णय तीन प्रकारचा आहे. मूर्तीच्या पंगतीस बसू नये. बाजारातील मांस चौकशी न करिता घ्यावे. कोणी घरी बोलाविले तर वाढतील ते खावे. परंतु, हे अर्पिलेले आहे, असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. म्हणून, बंधो, शेजारीण नुसते शेजारधर्माने कालवण पाठवील तर आभार मानून घ्या. प्रसाद म्हणून पाठवील तर हात जोडून, कारण सांगून, गोड शब्दांनी परत करा, आणि नाताळात तिला आपल्या घरी जेवावयास बोलवा. आणि गेल्या वर्षीपर्यंत ज्याने त्याच बोकडाची दोरी धरली होती असा कोणी तुमच्या शेजारी बसला असेल, तर तुमचे मन कितीही मोकळे असो, त्या दिवशी ते ताट बाजूस सारा.

त्या तरुणास मात्र पत्र लिहू नका. रविवारी उपासना आटोपली की मंडळीतील दोन वडील मंडळींस बरोबर घ्या, त्यांपैकी एकजण दुसऱ्या आळीचा असू द्या, आणि त्याच्या घरी जा. तो जे वाढील ते जेवा. भाकर आणि भाजी असेल तर भाकर आणि भाजी. पाणी त्याच्याच माठातले मागून घ्या.