वाजश्रवसाच्या गाई आणि आमचा बंब

कठोपनिषद सुरू होतं तेच एका अवघड प्रसंगाने. वाजश्रवस सर्वस्व दान करायला बसलाय, दक्षिणेच्या गाई चालल्यात. पण गाई कसल्या, तर चारापाणी संपलेल्या, दूध आटलेल्या. ते बघून कोवळा नचिकेत बापाला विचारतो, मला कोणाला देणार? पुढे यमाच्या घरी जे घडतं त्यावर भाष्यंच्या भाष्यं आहेत. मला मात्र वय वाढतंय तसा त्या गाईंचाच प्रश्न जास्त छळतो. आपल्याला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्याला दिली, तर ते दान की नुसती सुटका?

आमच्या देवासच्या घरी गीझर बसला आणि तांब्याच्या बंबाचं काय करायचं हे ठरवताना हा प्रश्न टाळता येईना.

घर माताजींच्या टेकडीखालचं. पवार बंधूंबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घरांनी थोरल्या आणि धाकट्या पातीच्या या गावात आपली भांडीकुंडी, सणवार जपले, त्यातलाच हा बंब. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही तो होता. मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचा खण. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिंच लावून घासायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. एक बादली काढली की एक बादली गार पाणी वरून ओतायचं, हा घरातल्या पोरासोरांनाही लागू असलेला नियम.

पण मागच्या अंगणावर पत्रे पडल्यापासून धूर कोंडायला लागला आणि जाऊबाईंचा दमा वाढला. गीझर आला याचं मला जराही वाईट वाटलं नाही. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली हिंसेची पाच ठिकाणं सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ज्या अग्नीला आपण नैवेद्य दाखवतो तोच लाकडातल्या किड्यामुंग्याही जाळतो, हे आपल्या पूर्वजांनी स्वच्छ ओळखलं होतं. त्याची फेड म्हणून पंचमहायज्ञ सांगितले आणि त्यांत अतिथीची सेवा घातली. ते किडे त्यांनी मोजले. चुलीपुढे खोकणारी बाई मात्र या हिशोबात दिसत नाही. ती आता तरी धरायला हवी.

अटालेवाला तांबं तोलून पैसे द्यायला तयार होता. इंदूरच्या भाच्याला बंब दिवाणखान्यात, मनीप्लँट लावायला हवा होता. मी आधी आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाभीजी, एकही तो कमरा है, धुआँ कहाँ जाएगा?" गीतेने दानाला देश, काल आणि पात्र बघायला सांगितलंय. त्यातला देश मला त्या वाक्याने समजला. आमच्या घरातून काढलेला धूर दुसऱ्या बाईच्या खोलीत भरायचा, याला दान म्हणता येणार नाही.

शेवटी धार जिल्ह्यात, धरमपुरीच्या बाजूला नर्मदाकाठी एक लहान आश्रम सापडला. देवउठनी एकादशीनंतर परिक्रमावासी यायला लागतात, त्यांत महाराष्ट्रातली माणसं पुष्कळ. स्नान मैयातच करायचं हा नेम. पण कोणाला ताप असतो, कोणाच्या पायांना फोड आलेले असतात, त्यांना ऐन थंडीत गरम पाणी लागतं. तिथे तीन दगडांवर पातेलं ठेवून ते तापवत आणि निम्मा जाळ वाऱ्यावर जाई. अंगण उघडं, धूर कोंडायचा प्रश्न नाही.

देण्याआधी मी बंब ठठेऱ्याकडे नेला. तोटी गळत होती, जाळी झिजली होती, बुडाचा डाख एका जागी सुटला होता. "द्यायचाच आहे तर आता खर्च कशाला?" असं हे म्हणाले. मला वाटतं, दान आणि सुटका यांतला फरक नेमका या खर्चात आहे. 1951 साली विनोबांनी भूदान सुरू केलं, लोकांनी लाखो एकर दिले. त्यातली कितीतरी जमीन खडकाळ आणि पडीक निघाली. देणाऱ्याने ती आधी नांगरून पाहिली असती तर? नचिकेताला बापाचा कंजूषपणा खुपला असेलच. पण मला वाटतं, घेणाऱ्याचा विचारच तिथे नव्हता, हे त्याला जास्त लागलं.

मानपूर, धामनोद करत भाच्याच्याच गाडीतून बंब पोचवला. तिथल्या सेवेकऱ्याला बजावून सांगितलं: आधी पाणी, मग विस्तव. कोरडा बंब पेटवला तर डाख वितळतो.

तुमच्याही माळ्यावर असा बंब पडून असेल. मोडीत घालण्याआधी नर्मदाकाठच्या एखाद्या आश्रमात चौकशी करा, कार्तिकाच्या आत पोचवा आणि तोटी मात्र आपल्या पैशाने नवी बसवून द्या.