रानची भाजी आणि मनाची लाज

दारी पाहुणा आला, घरात भाजी नाही आणि बांधावर टाकळा-कुर्डू मातलेला; तरी घरधनीण पोराला दुकानाकडे पिटाळते. का? तर रानचा पाला पाहुण्याच्या ताटात वाढायची लाज वाटते! विकतचे ते मानाचे, खुडून आणलेले ते गरिबाचे, अशी समजूत आपल्यात खोल रुजली आहे. वाचकहो, अन्नाची प्रतिष्ठा पैशाने ठरते काय?

भाद्रपद शुद्ध पंचमीला आपल्या मायबहिणी बैलाच्या कष्टाचे धान्य वर्ज्य करतात. परसात हाताने लावलेले किंवा आपसूक उगवलेले तेवढेच खातात. अळू, माठ, भोपळा यांची ऋषीची भाजी त्या दिवशी पवित्र ठरते. मग एक दिवस जे व्रताचे, ते इतर दिवशी हलके कसे? भाजी तीच, बदलते ती आपली नजर. अरणच्या सावतोबांना तर मळ्यातच विठ्ठल भेटला. विदुराघरच्या कण्या देवाने गोड मानल्या, त्या काय बाजारभाव पाहून?

कोणी म्हणेल, "अहो, हौसेने खाणे निराळे आणि पोट जाळायला खाणे निराळे!" खरे आहे. ज्याने दुष्काळात पाल्यावर दिवस काढले, त्याला ती भाजी नकोशी वाटली तर त्याला नावे ठेवू नयेत. उपासमारीचे गोडवे आम्ही गात नाही. पण माणसाला उपाशी ठेवले याची लाज समाजाला वाटावी. भाजीने काय पाप केले?

आता शहरांतून रानभाज्यांचे महोत्सव भरतात, ही आनंदाची गोष्ट. परंतु शेवळे, करटोली घेऊन बसलेल्या आदिवासी बाईशी आपण दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. म्हणे, "रानात फुकटच मिळते की!" बाबांनो, फुकट कसे? डोंगर तिने तुडवला. कोणता पाला खायचा, कोणता नाही, शेवळाची खाज काकडाच्या आंबट फळांनी कशी मारायची, हे ज्ञान पिढ्यांचे आहे. त्याचे मोल द्यावे. स्वतः खुडायला गेलात तर ओळखीचेच खुडा, मुळासकट उपटू नका, बी धरायला चार रोपे राखा. ती पुढच्या पावसाची आणि दुसऱ्याच्या ताटाची आहेत.

असो. आषाढीच्या वाटेवर एखादी माउली भाकरीवर टाकळ्याची भाजी वाढील. "दुसरे काही नव्हते का?" असा भाव तोंडावर येऊ देऊ नये. आवडीने खावे आणि आणखी मागून घ्यावी. तिची लाज तेवढ्यानेच फिटेल.

रामकृष्णहरि.