चौथ्या सिलिंडरची रिंग



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 25

तामस कर्म म्हटलं की आपल्याला व्यसन, मारामारी असलं काहीतरी आठवतं. मलाही तसंच वाटायचं. मग गेल्या हिवाळ्यात काकांच्या गॅरेजमध्ये मी स्वतःच एक करून बसलो.

काका बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहेत. त्यांच्याकडे 1967 ची एमजीबी आहे, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. तिचं 1798 सीसीचं इंजिन ऑइल खायला लागलं, म्हणून आम्ही ते उतरवून पूर्ण खोललं. चारही सिलिंडर बोअर करून घेतले, नवे पिस्टन आणले. रिंगा बसवायचं काम काकांनी माझ्यावर सोपवलं.

पिस्टनवर चढवण्याआधी प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरळ ठेवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची असते. रिंग तापली की वाढते. तिला जागा उरली नाही तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडर ओरबाडते, कधी तुटतेही. एवढ्या बोअरला साधारण 0.3 मिलिमीटर फट लागते.

तीन सिलिंडरच्या रिंगा मोजल्या. सगळ्या बरोबर. रात्रीचे अकरा वाजले होते. एकाच डब्यातल्या तर आहेत, म्हणत चौथ्याच्या मी न मोजताच घातल्या.

काकांनी विचारलं, "मोजल्यास ना सगळ्या?"

"हो काका."

दुसऱ्या दिवशी हेड बसलं, नट कसले गेले. दोन रात्री मला धड झोप नाही. बहुतेक काहीच होणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण त्याच गाडीत काका नातीला शेजारी बसवून फिरायला नेणार होते.

तिसऱ्या सकाळी नित्यपाठात नेमका हाच श्लोक आला. पुढे काय होईल, काय नुकसान होईल, कुणाला इजा होईल, आपली कुवत किती, यांतलं काहीही विचारात न घेता मोहाने सुरू केलेलं कर्म तामस, असं भगवंत सांगतात. मूळ शब्द आहे 'अनपेक्ष्य'. त्यात 'ईक्ष्' धातू आहे, म्हणजे बघणं. काम बिघडलं म्हणून ते तामस ठरलं, असं इथे म्हटलेलंच नाही. तिकडे बघितलंच नाही, म्हणून तामस! आणि मोह म्हणजे दरवेळी हाव नसते. 'तीन बरोबर आल्या, चौथी येणारच' हाही मोहच.

मी काकांना सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चल, खोलू."

नवंकोरं हेड गॅस्केट वाया गेलं. अख्खा शनिवार गेला. चौथा पिस्टन बाहेर काढून रिंगा मोजल्या, तर फट अगदी बरोबर!

मी ओशाळून म्हटलं, "उगाचच खोललं की."

काका म्हणाले, "उगाच कसं? काल नुसतं वाटत होतं. आज माहीत आहे."

खरं सांगू? फट चुकीची निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्या खरेपणाला काहीतरी फळ मिळालं असतं. तसं ते मिळालं नाही, आणि म्हणूनच धडा पक्का बसला. फट बरोबर निघाली म्हणून माझं "हो काका" खरं ठरत नाही. ते बोललो तेव्हा खोटंच होतं. रिंग न मोजणं हा दहा मिनिटांचा आळस होता, पण त्यावरचं मौन मी दोन दिवस सांभाळलं. जास्त जड तेच होतं.

आपल्या ऑफिसच्या कामात, नात्यांत, अगदी रोजच्या जपातही अशी एखादी चौथी रिंग असते. बाहेरून कुणाला दिसत नाही. सगळं सुरळीत चालतंही.

आज रात्री झोपण्याआधी स्वतःला एकच विचारूया: मी कुठे न बघताच "हो" म्हटलंय?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥