सध्या फक्त कायस्थ

कोलकात्याचं संस्कृत कॉलेज १८२४ साली सरकारी पैशातून सुरू झालं. पुढची पंचवीसेक वर्षं तिथे ब्राह्मण आणि वैद्य या दोनच जातींच्या मुलांना प्रवेश होता. १८५१ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर प्राचार्य झाले. त्यांनी वरिष्ठांना कळवलं, की शूद्र जातींना मज्जाव करण्याला आधार दिसत नाही; पण व्यवहार पाहता सध्या फक्त कायस्थांना घ्यावं. पंडितमंडळी खवळली. फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या गोऱ्या नोकरांना शिकवून पगार घेणारेही पंडितच होते. साहेबाला शिकवताना न विटाळणारी विद्या शेजारच्या कायस्थाच्या पोराने विटाळते, हे गणित त्यांनाच ठाऊक.

१८५४ मध्ये दार ‘प्रतिष्ठित’ हिंदूंसाठी आणखी उघडलं. लगेच पुढच्या वर्षी सुवर्णवणिक जातीच्या मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न आला. जात पैसेवाली, पण समाजात खालची मानलेली. विद्यासागरांनी नकार दिला. संस्थेची प्रतिष्ठा जाईल, असं कारण दिलं. विधवाविवाहासाठी त्याच वर्षी सनातन्यांशी उघड भांडण मांडणारा हा माणूस. तेव्हा इथे भित्रेपणाचा आरोप टिकत नाही. मला वाटतं, खुर्चीवर बसलेल्या माणसाला न आलेल्या मुलापेक्षा निघून जाऊ शकणारा मुलगा जास्त स्पष्ट दिसतो, आणि ‘सध्या’ हा शब्द तिथूनच येतो.

मुलं निघून जाण्याची ही भीती पोकळ नव्हती, हेही सांगायला हवं. १८५३ मध्ये जवळच्याच हिंदू कॉलेजात हीरा बुलबुल नावाच्या गणिकेच्या मुलाला प्रवेश मिळाला आणि शहरातल्या बड्या घरांत गहजब झाला. त्यांनी हिंदू मेट्रोपॉलिटन कॉलेज नावाची स्वतंत्र संस्थाच काढली. शंभर वर्षांनी अमेरिकेत हेच घडलं. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या कारभाऱ्यांनी मुलं एकत्र बसवण्याऐवजी १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांची पाच वर्षं गेली. निकाल वॉशिंग्टनचा होता, कुलूप मात्र गावच्या कारभाऱ्यांचं.

आपल्याकडे १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. एकासाठी बाकीच्यांना कशाला दुखवायचं, असा हिशेब करून मुंबई सरकारनेही हात वर केले. १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचं जाहीर झालं, तरी त्यानंतर कितीतरी दशकं अस्पृश्य मुलं व्हऱ्हांड्यातच बसली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुलं सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमात ‘सध्या’ नव्हतं. ते राजे होते, त्यांना परवडलं, असं कुणी म्हणेल. पण आपल्या शाळेपुरता मुख्याध्यापकही राजाच असतो. प्रवेशाचा अर्ज त्याच्याच टेबलावर येतो, आणि कोण कुठे बसणार हेही तोच ठरवतो.

१८५५ मध्येच विद्यासागरांकडे हुगळी, बर्धमान, मेदिनीपूर आणि नदिया या चार जिल्ह्यांच्या शाळा-तपासणीचं काम आलं. त्यांतल्या जुन्या बर्धमानच्या भागातली, आजच्या पूर्व बर्धमान जिल्ह्यातली एक प्राथमिक शाळा जून २०२५ मध्ये बातम्यांत झळकली. तिथे हिंदू आणि मुसलमान मुलं एकाच वर्गात शिकत, पण मध्यान्ह भोजन वेगवेगळं शिजे. स्वयंपाकी वेगळे, भांडीही वेगळी, आणि हे कित्येक वर्षं चाललेलं. बातमी येताच अधिकारी धावले, पालकांची बैठक झाली आणि स्वयंपाक एकत्र सुरू झाला.

काही दिवसांत मिटणारी गोष्ट इतकी वर्षं का राहिली? पालकांची तशी इच्छा होती, हे उत्तर अपुरं आहे, कारण तेच पालक बैठकीत बसले आणि त्यांनी ऐकलंही. मध्यान्ह भोजनाच्या योजनेत तांदळाचा, हजेरीचा, पैशाचा हिशेब ठेवावा लागतो आणि तो तपासलाही जातो. दोन चुली कुठल्या रकान्यात भरायच्या, हे मात्र कुठल्याच तक्त्यात नसतं.