शेजारधर्म

भिंतीपलीकडून रात्री आर्त स्वर ऐकू येतो, आणि आपण कूस बदलून म्हणतो, ‘दुसऱ्याच्या घरातली गोष्ट!’ ही मर्यादाशीलता की भीरुता? कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देतो. अशा घटनेची वर्दी संरक्षण अधिकाऱ्यास कोणासही देता येते. ती सद्हेतूने दिली असल्यास देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. म्हणजे भयाचे निमित्त गेले, संकोच तेवढा उरला; आणि तो सर्वस्वी निंद्य नाही. तिला न विचारता दिलेल्या वर्दीचा सूड उद्या तिच्यावरच उगवला गेला तर? म्हणून प्रथम तिला एकांतात विचारावे, असे मला वाटते. (जिवावरच बेतले असेल तर मात्र विचारत बसण्यात अर्थ नाही.)

परप्रांतात आलेल्या मराठी स्त्रीचे माहेर दूर, पोलिसांची भाषा परकी; तिचे गाऱ्हाणे तिच्याच बोलीत ऐकणारे असे शेजारचेच एखादे दार. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी ही दारे शंभरदा ठोठावली आहेत. त्याच कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क तिला दिला आहे, हे मात्र त्या दारांआड कोणी सांगितल्याचे स्मरत नाही.