आधी जेवून ये

छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय म्हणजे एका बापाने घरी घेतलेली शाळा. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे जातो, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ मानेने परततो, आणि त्याचा बाप उद्दालक आरुणी त्याला पुन्हा समोर बसवतो. नाशिकच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवताना हा अध्याय मी कितीतरी वर्षं शिकवत आले आहे. २०२० सालच्या मार्गशीर्षात तो स्वतःच्या मुलांपुढे मांडायची वेळ आली आणि मग मला त्याच्या सातव्या खंडापाशी थांबावं लागलं. तिथे अजून थांबलेलीच आहे.

शाळा मार्चपासून बंद होत्या. २३ नोव्हेंबरला राज्यात बऱ्याच ठिकाणी नववी ते बारावीचे वर्ग उघडले. पण माझी थोरली सहावीत, धाकटा तिसरीत. मोबाइलवरच्या तासाला तो छताकडे बघत बसायचा. वर्गशिक्षिकांशी बोलून ठरवलं, मार्गशीर्षभर मोबाइल बाजूला ठेवायचा आणि सकाळी मी शिकवायचं. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची लेक महापालिकेच्या शाळेत चौथीत होती. त्यांच्या घरी मोबाइल एकच, तोही सकाळी तिच्या मोठ्या भावाबरोबर कामावर जायचा. आईबरोबर तीही येऊ लागली, आणि मागच्या ओसरीवर तिघांचा वर्ग भरू लागला. तिघांच्या तोंडाला मास्क, मध्ये हातभर अंतर आणि नाशिकची ती बोचरी थंडी.

उद्दालक वडाचं फळ फोडायला सांगतो. आमच्या परसात उंबर आहे, आम्ही उंबर फोडलं. आतून बारीक चिलटं उडाली. धाकट्याने विचारलं, "आई, हाच आत्मा का?" मी नाही म्हटलं नाही आणि हो म्हणायचीही घाई केली नाही. बी इतकं लहान होतं की फोडता येईना. मग मिठाचं पाणी. उपनिषदातला मुलगा एकाच भांड्यातून वरचं, मधलं, तळाचं पाणी चाखतो. साथीमुळे आम्ही प्रत्येकाची वाटी वेगळी ठेवली. मीठ दिसत नाही, पण सगळीकडे आहे. मावशींची लेक म्हणाली, "ताटलीत ओतून उन्हात ठेवा, परत दिसंल." ठेवलं. काही दिवसांनी ताटलीत पांढरी खर धरली होती. उपनिषदात नसलेला हा प्रयोग मला आजही फार मोलाचा वाटतो.

हे दोन्ही धडे प्रसिद्ध आहेत, कारण त्यांच्या शेवटी ते महावाक्य येतं. बाप मुलाला नऊ वेळा सांगतो, की जे अतिसूक्ष्म तत्त्व सगळ्याच्या मुळाशी आहे तेच तू आहेस. पण त्याआधी, सातव्या खंडात, तो मुलाला पंधरा दिवस उपाशी ठेवतो. पाणी हवं तेवढं पी, म्हणतो. सोळाव्या दिवशी विचारतो, म्हण तुझ्या ऋचा. बारा वर्षं घोकलेलं श्वेतकेतूला काही म्हणजे काही आठवत नाही. बाप म्हणतो, जेवून ये, मग कळेल. तो जेवतो, आणि विचारलेलं सगळं त्याला आठवतं. मोठ्या आगीतून काजव्याएवढा निखारा उरावा आणि त्याला गवत घातल्यावर तो पुन्हा पेटावा, असं बाप ते समजावतो. मन अन्नाचं बनलेलं आहे, हा त्याचा सिद्धांत. आणि बापाने तो मुलाला नुसता ऐकवला नाही, मुलाच्या पोटातून पटवला.

वर्गात शिकवताना हा खंड पाच मिनिटांत उरकायचा आणि महावाक्याकडे धावायचं, असा रिवाज आहे. त्या महिन्यात मला ते जमलं नाही. मावशींची लेक सकाळी भागाकार करताना हातचा विसरायची. पहिल्या तासानंतर आम्ही सगळे भाकरी आणि पिठलं खायचो. खाल्ल्यावर तीच मुलगी तीच गणितं सोडवून पाटी थोरलीपुढे सरकवायची. हे मी रोज पाहत होते. तिच्या शाळेत पूर्वी दुपारी खिचडी मिळायची. शाळा बंद झाल्यावर पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य कोरडं मिळू लागलं. ते देणं योग्यच होतं. पण शाळेतलं ताट त्या मुलीचं एकटीचं असतं. घरी आलेला तांदूळ सगळ्या घराचा होतो, आणि ज्या घरात दोघांची कामं सुटली आहेत तिथे तो लवकर संपतो.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी मावशींचा महालक्ष्मीचा उपास असे. त्यावरून थोरलीने मला पेचात धरलं. "उपाशी राहिल्यावर मन चालत नाही, तर देवासाठी उपाशी का राहायचं?" प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं, की उपास करणाऱ्याला तो कधी सोडायचा ते ठाऊक असतं. संध्याकाळची पूजा झाली की पान वाढलेलं असतं. श्वेतकेतूलाही पंधरा दिवसांची मुदत सांगितलेली होती, आणि पलीकडे बाप ताट वाढायला उभा होता. मुदत ज्याच्या हातात नाही ती उपासमार. तिच्यातून कुणाचं मन शुद्ध होत नाही. भुकेचं वैराग्यात रूपांतर करून दाखवणारे प्रवचनकार मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांना या अध्यायात आधार नाही.

तैत्तिरीय उपनिषदातही बापच मुलाला शिकवतो. वरुणाचा मुलगा भृगू तप करतो आणि अन्न हे ब्रह्म आहे, असं पहिलं उत्तर शोधून काढतो. पुढे प्राण, मन, विज्ञान, आनंद असा तो चढत जातो. अन्न ही सोडून द्यायची पहिली पायरी, असं त्यावरून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. आनंदापर्यंत पोचल्यावर ते उपनिषद लगेच अन्नाकडे परत येतं आणि व्रतं सांगतं: अन्नाला नावं ठेवू नका, अन्न पुष्कळ पिकवा, दारी आलेल्याला परत पाठवू नका. ब्रह्म जाणल्यावर करायचं काम म्हणून ही व्रतं सांगितली आहेत, असं मी वाचते.

३ जानेवारीला रविवार होता, तरी वर्ग भरला. त्या दिवशी मावशींच्या लेकीने आम्हाला सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली. १८९७च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारी बाई साथीत घराबाहेर पडते आणि परक्याचं पोर उचलते. श्वेतकेतूला बापाने जे नऊ वेळा सांगितलं, ते मला या गोष्टीत जसं कळतं तसं कुठल्याही भाष्यात कळलेलं नाही. घरच्या शाळेचं कौतुक करणारे गुरुकुलाचे दाखले देतात. त्या गुरुकुलात कुणाला बसू दिलं जात होतं, हेही त्यांनी सांगावं. सगळ्यांच्या मुळाशी एकच तत्त्व असेल, तर एका घरातल्या दोन पोरांना ते शिकवून शिकवणं पुरं होत नाही. त्यासाठी नाना घरांची मुलं एका रांगेत जेवायला बसावी लागतात. ते शाळेत घडतं; माझ्या ओसरीवर त्याचा जेमतेम अंश घडला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मार्गशीर्ष संपला. २७ जानेवारीला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, थोरली शाळेत गेली. तिसरी-चौथीची शाळा मात्र त्या वर्षी उघडलीच नाही. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातलं, आणि मावशींची लेक चौथीचा वर्ग न बघता पाचवीत गेली.

साथी पुन्हा येतील. आपल्यातले जे कुणी शाळा समितीवर आहेत, नगरसेवक आहेत, शिक्षक आहेत, त्यांना माझं एवढंच मागणं आहे: पुढच्या वेळी शाळेला कुलूप लावण्याआधी त्या मुलांना दुपारचं शिजलेलं ताट कुठे आणि कोण वाढणार, ते ठरवा. धडे कसे पोचवायचे ते त्यानंतर बघू.